लोमटे अध्यक्षांची राक्षस युनियन

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले माणिकराव लोमटे गुरुवारी कुणाशी लढत नाहीत. एरवी रोज लढतात. मोबाइलमध्ये बघत रस्त्याने चालायचं, वाटेत राक्षस दिसले की चेंडू फेकून पकडायचे, पाळायचे आणि झुंजवायचे, असा एक खेळ आहे. चऱ्होलीतली कॉलेजची निम्मी पोरं तो खेळतात. पण आपल्या राक्षसांना साप्ताहिक सुट्टी देणारा खेळाडू सबंध पिंपरी-चिंचवडमध्ये हा एकच असावा. आपल्या पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद असतात, मग राक्षसांनी काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल असतो.

लोमटे मूळचे अंबाजोगाईकडचे. भोसरीतल्या एका कारखान्यात ते युनियनचे अध्यक्ष होते. कारखाना बंद पडला, त्या जागी मंगल कार्यालय झालं, तरी लोक त्यांना अजून अध्यक्षच म्हणतात. नुसतं 'लोमटे' म्हटलं तर ते ओ देत नाहीत. मी चाकणच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. हे कळलं त्या दिवसापासून माझं नाव 'मॅनेजमेंट' पडलं. लिफ्टचं दार उघडलं आणि आत मी दिसलो की ते आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, सांगतात, सरक जरा, मॅनेजमेंट आलंय. वर माझ्याच घरचा चहा पिताना साखर कमी पडल्याचा निषेधही नोंदवतात.

शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, अध्यक्ष काही केल्या चालेनात. शेवटी लेकीने हा खेळ फोनमध्ये टाकून दिला. आपण बापाच्या हाती पुन्हा कामगार देतोय, हे बिचारीच्या लक्षात आलं नाही. काकू म्हणतात, जन्मभर माणसांची युनियन केली, आता भुतांची चाललीय.

युनियन म्हटलं की नियम आले. पहिला नियम सीनिऑरिटीचा. अध्यक्षांनी सगळ्यात आधी पकडलेला राक्षस म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं एक चिमणीएवढं, बटबटीत डोळ्यांचं प्रकरण. त्याचं नाव बारकू. समोर डोंगराएवढा शत्रू असो, पहिला मान बारकूचा. बारकू पुढे होतो, एक फटका खातो आणि आडवा होतो. मग त्याच्यानंतर लागलेला पुढे येतो. मी एकदा सुचवून पाहिलं की तो आग ओकणारा दांडगा आधी उतरवा.

"तो परवा लागलाय. अजून परमनंट बी न्हाई," अध्यक्ष म्हणाले. "नियमानं हरलं तर ती हार नसती, मॅनेजमेंट. तत्त्वाचा प्रश्न हाय."

दुसरा नियम, जखमी राक्षसाला पगारी रजा. आणि तिसरा, सगळ्यांत कडक: कपात नाही. या खेळात राक्षस ठेवायची थैली ठरावीक आकाराची असते, म्हणून बाकीचे खेळाडू चांगले ठेवून दुबळे सोडून देतात. अध्यक्षांनी आजवर एकालाही सोडलं नव्हतं. लंगडे, आंधळे, नुसते झोपून राहणारे, सगळे हजेरीवर. थैली गच्च भरली तेव्हा त्यांनी खेळाच्या कंपनीला मागणीपत्र धाडलं: थैली वाढवा, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. आपला संदेश मिळाला, आभारी आहोत, असं यंत्राचं छापील उत्तर आलं. मागणी तत्त्वतः मान्य झाल्याचं अध्यक्षांनी सोसायटीभर जाहीर केलं.

अशात बातमी आली की पिंपरीतल्या एका बागेत वीज पाडणारा महाराक्षस अवतरणार आहे. असला वर्षा-दोन वर्षांत एखाद्या वेळी येतो. तो एकट्यादुकट्याला आटपत नाही, दहा-पंधरा जणांनी मिळून लढावं लागतं. अध्यक्षांची झोप उडाली. अडचण एकच होती, तो येणार होता नेमका गुरुवारी. दोन दिवस ते गॅलरीत येरझारा घालत होते. अखेर तोडगा निघाला: सुट्टीच्या दिवशी काम, म्हणून डबल ओव्हरटाइम. प्रत्येक राक्षसाला दुप्पट खाऊ मिळाला. मलाही सुट्टी होती, म्हणून गाडी काढायचं काम मॅनेजमेंटकडे आलं. ओव्हरटाइमचा विषय माझ्या बाबतीत निघाला नाही.

बागेत पोरांचा घोळका जमला होता. महाराक्षस प्रकटला आणि सगळे तुटून पडले. अध्यक्ष मात्र आपले गडी मैदानात सोडून हाताची घडी घालून उभे. आधी चर्चा, म्हणाले. चर्चेदरम्यान महाराक्षसाने बारकूसह चौघांना लोळवलं, तेव्हा कुठे वाटाघाटी फिसकटल्याचं मान्य करून ते लढाईत उतरले. सीनिऑरिटीने एकेक गडी येत गेला, पडत गेला. शेवटी पोरांच्या जोरावर महाराक्षस खचला. आता ज्याने त्याने आपापला चेंडू फेकायचा होता. पोरांचे चेंडू हुकत होते. अध्यक्षांनी फेकला तो पहिल्याच फेकीत बसला. "अध्यक्ष, एक नंबर राव," असं म्हणत पोरांनी त्यांना जवळजवळ उचललंच.

तेवढ्यात पडद्यावर सूचना आली. थैली भरली आहे. कुणालातरी सोडा, तरच हा तुमचा. खाली घड्याळ उलटं पळू लागलं.

अध्यक्षांचं बोट बारकूवर आलं आणि तिथेच थांबलं. पोरं ओरडायला लागली, ते चिमणं काढा, काका. मलाही राहवलं नाही. मी म्हणालो, "एक कमी केला तर बाकीच्यांचं भलंच होईल, अध्यक्ष."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मला मॅनेजमेंट म्हणत होते ते थट्टेने, या वेळच्या नजरेत थट्टा नव्हती.

"तुमचे साहेब लोक हेच म्हणले होते. बारा जण कमी करा, कारखाना वाचंल. म्या सही केली." घड्याळ पळतच होतं. "कारखाना काय वाचला न्हाई."

वेळ संपली. महाराक्षस पंख झाडत निघून गेला. पोरं हळहळली आणि आपापल्या फोनकडे वळली. अध्यक्षांनी फोन खिशात टाकला आणि गाडीत येऊन बसले. मी गाडी सुरू केली.

"त्या बारांत दत्तू व्हता," ते म्हणाले. "गावाकडून एकाच ट्रकात बसून आलो आमी. दापोडीत राहतो. त्या दिसापासून बोलला न्हाई, अन् म्याबी गेलो न्हाई. दापोडीवरून घ्या गाडी."

चऱ्होलीला जाताना दापोडी वाटेत लागत नाही. मी गाडी वळवली.

रेल्वेलगतच्या बोळात त्यांनी एका दाराची कडी वाजवली. बनियन घातलेल्या, पांढऱ्या मिशांच्या माणसाने दार उघडलं. माइकशिवाय दोन-दोन तास भाषण ठोकणारे अध्यक्ष नुसते उभे राहिले. त्या माणसाने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पाठ फिरवली आणि आत गेला. दार उघडंच होतं.

अध्यक्षांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तिथेच घुटमळले.

"चपला आत घे," आतून आवाज आला. "हितं कुत्री पळवत्यात."