पिवळ्या दिव्यावरची काळी टेप

एल आल्तो शहरात गाड्यांची वायरिंग करणारे शंभर असतील, पण नुसतं हुंगून बिघाड सांगणारा एकच, आणि तो मी. चाळीस वर्षांत माझं नाक एकदाच चुकलं. म्हणजे चुकलं नाही, मी त्याला विचारलंच नाही.

बासिलियाने जुनी सात सीटांची गाडी घेतली. आमच्याकडे गाडी घेतली की तिची पूजा होते आणि तिला धर्मबाप लागतो, तो मी झालो. मग ती मला व्याही म्हणू लागली आणि मी तिला विहीणबाई. बाजारातला बटाट्यांचा गाळा बहिणीला देऊन ती युंगासच्या घाटातल्या भाड्याच्या लाइनीवर उतरणार होती. चालकांच्या युनियनची अट अशी, की सोमवारी एक चाचणी फेरी करायची, शेजारच्या सीटवर सेक्रेटरी बसणार. फेरी नीट झाली तर लाइनीत नंबर, नाहीतर परत बटाटे.

शुक्रवारी सकाळी ती माझ्या दारात हजर.

"व्याही, लेकीला ताप आलाय."

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा मांजराच्या डोळ्यासारखा लुकलुकत होता.

"कधीपासून?"

"पूजा झाली त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. मधेच लागतो, मधेच जातो. लागला की गाडी सासरी निघालेल्या पोरीसारखी पाय ओढते."

"संध्याकाळी घेऊन जा," मी म्हणालो.

स्कॅनर लावला. तो म्हणाला, थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाला हवा देणाऱ्या झडपेचा, सेन्सर. सेन्सर बदलला, दिवा गेला. बासिलिया गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि दिव्यासकट परत आली. मग मल्टिमीटरने एकेक वायर तपासली. सगळ्या ठणठणीत. तरी संशय नको म्हणून चार कापून नव्या जोडल्या. आता दिवा होताच, शिवाय डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायचा आणि वायपर कोरड्या काचेवर नाचायचे. शनिवार ते निस्तरण्यात गेला. रविवारी दुपारपर्यंत माझ्याजवळ एकच उपाय शिल्लक होता: इंचभर काळी टेप.

"गेला का हो दिवा?" बासिलियाने वाकून पाहिलं.

"दिसतोय का?"

"नाही बाई."

"झालं तर मग."

खोटं मी एक अक्षर बोललो नाही, एवढं ध्यानात ठेवा.

"उद्या साडेसहाला तयार राहा," ती म्हणाली.

"मी कशाला?"

"अहो, पहिल्या फेरीला धर्मबाप गाडीत नको?"

मी गुडघ्याचं दुखणं काढलं. ती म्हणाली, गाडी मी चालवणार, तुम्ही नुसतं बसायचं. मी पोटाचं काढलं. तिने कोकाच्या पानांचा काढा पाजला.

तर सोमवारी मी बासिलियाच्या अगदी मागे. तिच्या शेजारी सेक्रेटरी सेवेरोसाहेब, गालात कोकाच्या पानांची गोळी, मांडीवर वही. माझ्या शेजारी मांडीवर कोंबड्यांची टोपली घेतलेली एक आजी, मागे तीन उतारू. घाटमाथ्यावर सगळे थांबतात तशी बासिलिया थांबली, बाटलीतली शुद्ध दारू चाकांवर शिंपडली आणि चार थेंब धरतीमातेला दिले.

"माझ्यातर्फे आणखी थोडी घाला," मी म्हणालो.

"भिताय की काय, व्याही?"

"छे. श्रद्धा."

मग उतार आणि ढग. एका बाजूला दरी. किती खोल ते मला माहीत आहे. तरुणपणी तिथे माझा पाना पडला होता, अजून आवाज आलेला नाही. वळणावळणावर मेलेल्यांचे क्रूस, आणि प्रत्येकावरचं नाव वाचताना मी आपलं तर नाही ना, याची खात्री करून घेत होतो.

पुढे लाकडांचा एक ट्रक गोगलगाईसारखा चढणीला लागला. बासिलियाने पाय दाबला. इंजिनाने नुसता सुस्कारा सोडला. मागून दुसऱ्या ट्रकने हॉर्न दिला तशी आजी डोळे मिटून जप करू लागली.

"गाडी ओढत नाहीये," सेवेरोसाहेबांनी पेन उघडलं.

"दिवा नाही ना लागलेला? म्हणजे लेक धडधाकट आहे. व्याह्यांनी तीन दिवस राबून बरी केलीय," बासिलिया म्हणाली आणि तिने स्टिअरिंग दरीच्या बाजूला वळवलं. "ट्रकच्या पुढे काढते."

समोर ढगात दोन पिवळे ठिपके उगवत होते. पुढून येणाऱ्या बसचे.

तिच्या खांद्यावरून झेपावून मी टेप ओरबाडली.

"दिवा आहे!"

पिवळा प्रकाश तिच्या हनुवटीवर पडला. तिने करकचून ब्रेक दाबला आणि गाडी परत ट्रकच्या मागे घेतली. बस इतक्या जवळून गेली, की तिच्या कंडक्टरच्या दाढीचे खुंट मी मोजले. सत्तावीस.

पुढच्या रुंद जागेत तिने गाडी थांबवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोनेट उघडा."

उघडलं. या खेपेला आधी नाकाला विचारलं. नाक म्हणालं, बिअर. थ्रॉटलच्या सेन्सरचा सॉकेट ओढून काढला तर आत चिकट थर आणि त्यात रुतलेले पूजेतले रंगीत कागदाचे कपटे. ऊन असलं की थर वाळायचा, ढगात शिरलं की ओलावायचा आणि सेन्सर बरळायला लागायचा. सेन्सर बदलताना मी जुनाच सॉकेट नव्यावर ठासून बसवला होता.

"बिअर तर चाकांवर आणि बंद बोनेटवर ओततात," आजी म्हणाली. "आत कुठल्या गाढवाने ओतली?"

"धर्मबापाने," बासिलिया म्हणाली. "मी बघितलं होतं. वाटलं, जाणत्या माणसाची काही पद्धत असेल."

काय सांगू? पूजेच्या दिवशी मला वाटलं, गाडीच्या कातडीला पाजण्यापेक्षा पोटाला पाजावं. दोन बाटल्या पाजल्या.

धरतीमातेची उरलेली दारू घेतली, आजीच्या कोंबडीने नाइलाजाने एक पीस दिलं आणि त्याने मी सॉकेट असा घासला, जसा जन्मात दात घासला नव्हता. पिशवीतल्या स्कॅनरने जुनी नोंद पुसली. बासिलियाने चावी फिरवली. दिवा लागला, मी टेपकडे हात नेला, आणि दिवा विझला. चढणीला गाडीने त्या ट्रकला मागे टाकलं तेव्हा आजीने पहिल्यांदा डोळे उघडले.

शेवटी आम्ही लाइनीच्या टोकाला, कोरोइकोला पोचलो. सेवेरोसाहेब थांब्यावर उतरले, टेपचा तुकडा वहीत चिकटवला, खाली काहीतरी लिहिलं आणि बासिलियाला वाचून दाखवलं.

"बाई: चालेल. गाडी: चालेल. धर्मबाप: बदलावा."

नवा धर्मबाप पाववाला आहे. इंजिन कुठल्या बाजूला असतं तेही त्याला ठाऊक नाही, हीच त्याची लायकी ठरली. गाडीची पुन्हा पूजा झाली, आमंत्रण मलाही होतं. माझ्या हातात मोजून मूठभर रंगीत कागद उधळायला दिले आणि मला फाटकाबाहेर उभं केलं. पूजा संपेपर्यंत बासिलिया अंगावरचे एकावर एक सातही घागरे सावरून बोनेटवर बसून होती.