विजयाची पूर्वपरवानगी

महाविद्यालयाच्या महिला टेनिस संघाला स्पर्धेसाठी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढी परवानगी मिळत असे, आणि ती पुरून उरत असे. संघ सकाळी जायचा, पहिल्या फेरीत हरायचा आणि दुपारच्या चहाला परत यायचा. संघाला शिकवणाऱ्या टेनिसच्या बाईंच्या कारकिर्दीत हा शिरस्ता एकदाही मोडला नव्हता. शिस्तप्रिय संघ म्हणून प्राचार्य त्याचं उदाहरण देत. बाई मात्र अजून हंगामीच होत्या. यंदा त्यांना कायम करण्याची फाइल एकदाची हलली होती, आणि बाईंचा सगळा जीव त्या फाइलीत अडकला होता.

आता नेमकं याच वर्षी त्या लंबूने प्रथम वर्षाला यावं ना! डावखुरी, हडकुळी, वर्गात शेवटच्या बाकावर पेंगणारी पोर. पण सर्व्हिस अशी, की समोरचीला चेंडू आला कधी नि गेला कधी ते कळू नये. पहिल्याच स्पर्धेत तिने पहिली फेरी जिंकली. बाईंना काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी हेडक्लार्कना फोन लावला.

"सर, आपण जिंकलो! उद्या दुसरी फेरी."

हेडक्लार्कनी परवानगीचा कागद काढून वाचला.

"बाई, परवानगी आज सहापर्यंतच आहे."

"म्हणूनच तर फोन केला."

"मग सहानंतर तिथे जी कोणी खेळेल, ती आपली विद्यार्थिनी नव्हे. आणि जवळ ज्या कोणी उभ्या असतील, त्या तुम्ही नव्हे. बघा बुवा."

बाईंनी बघितलं आणि सहाच्या आत पोरीला घेऊन परतल्या. तरी प्राचार्यांनी बोलावून घेतलंच. "हरण्यासाठी दिलेली परवानगी तुम्ही जिंकण्यासाठी वापरलीत," ते हळहळून म्हणाले. "मी विजयाच्या विरोधात नाही हो. पण तो रीतसर हवा. पुन्हा असं झालं तर तुमच्या फाइलीचं मला काही सांगता येणार नाही."

बाईंनी पुढच्या स्पर्धेसाठी संभाव्य विजयाच्या पूर्वपरवानगीचा अर्ज केला. त्यावर समिती बसली. समितीला अर्ज तत्त्वतः मान्य होता. फक्त प्रतिस्पर्धी खेळाडूचं 'मी हरणार आहे' असं संमतिपत्र, पालकांच्या सहीनिशी, जोडायचं होतं. बाई पदर खोचून शेजारच्या महाविद्यालयात गेल्या. तिथले मिशीवाले प्रशिक्षक कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, हेच पत्र मागायला मी तुमच्याकडे निघालो होतो."

त्यातच लंबूच्या वडिलांचा फोन आला. "खेळू दे हो तिला, तब्येतीला चांगलं असतं. पण जिंकण्याबिंकण्यापर्यंत कशाला? तिची हजेरी भरायला नको का?"

पत्राविना परवानगी नेहमीसारखी सहापर्यंतचीच मिळाली. सगळे सामने एकाच दिवशी असलेल्या त्या स्पर्धेत लंबू अंतिम सामन्यात पोचली. समोर मिशीवाल्यांची पोरगी. जिंकेल तिने बक्षिसासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, हरेल तिने सुखाने घरी जायचं, अशी व्यवस्था होती.

"आज जरा सांभाळून," बाई खाली बघत म्हणाल्या.

"म्हणजे हरू?"

"मी असं म्हटलेलं नाही."

लंबूने पहिली सर्व्हिस जाळीत मारली. दुसरीही. पलीकडच्या पोरीनेही, आपली पाळी येताच, दोन्ही जाळीत घातल्या. तिलाही कोणीतरी सांभाळून खेळायला सांगितलं होतं. जी सर्व्हिस करेल ती गुण घालवेल, अशा रीतीने एकाच सेटचा तो सामना सहा-सहा गेमवर आला, मग टायब्रेक सुरू झाला, आणि तोही संपेना. कोणीच दोन गुणांनी पुढे जाईना. प्रेक्षक बेभान झाले. "याला म्हणतात चुरस," मागे कोणीतरी म्हणालं. घड्याळात सहा वाजून गेले तेव्हा लंबू एका गुणाने पुढे होती आणि सर्व्हिस तिचीच होती. एक सरळ पडली की संपलं.

तिने बाईंकडे पाहिलं. "बाई, एकच मारू? एकच."

बाईंना फाइल दिसली, नवऱ्याचा 'हलली का?' विचारणारा चेहरा दिसला. आणि समोर ती पोर दिसली, चांगलं येत असलेलं काम मुद्दाम वाईट करून रडकुंडीला आलेली. बाईंना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"मार गं," त्या म्हणाल्या.

चेंडू पलीकडे कधी पडला ते पंचांनाही नीट दिसलं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. फाइल बंद झाली. पुढल्या वर्षी बाईंची नेमणूक झाली नाही. लंबू हजेरीअभावी परीक्षेला बसू शकली नाही. वडिलांनी रॅकेट माळ्यावर टाकली. महाविद्यालयाने मात्र मन मोठं केलं आणि चषक उंचावलेल्या लंबूचा फोटो प्रवेशाच्या माहितीपत्रकावर छापला, अगदी मुखपृष्ठावर.

तुम्ही पाहिलाच असेल तो. तो पाहूनच तर तुम्ही आपल्या लेकीचा प्रवेश तिथे घेतलात. आणि अर्जात 'पाल्य खेळात भाग घेणार का?' या प्रश्नापुढे, तिला न विचारता, सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलंत.