सहाशें चाळीस मीटरांची मोहीम

श्रीमंत सकलखडीवाटभूषण, व्हालफ्रूआ गांवच्या सायकलमंडळाचे खावंद बार्नाबेराव यांचे सेवेशीं दफ्तरीं बसणाऱ्या सेवकाचा दंडवत. साहेबीं फर्माविलें कीं, जिल्हारस्ता बेचाळीस कैसा सर जाहला त्याची हकीकत यथास्थित लिहावी, कोणाची भीड धरूं नये. मग सेवकानें भीड सोडिली, आणि साहेबांविषयींही जें घडलें तें लिहिलें आहे. वाचितां राग न यावा.

शके एकोणीसशें सत्तेचाळीस, फ्रान्स मुलुखीं क्रूज प्रांतीं व्हालफ्रूआ मौजें. वस्ती माणसांची एकशें ऐशी आणि तांबड्या गाईंची नऊशें. ते ठायीं ओडिलबाई म्हणोन थोर मुत्सद्दी, तीस वर्षें टपालाची पिवळी मोटार हाकून पेन्शनींत बसलेल्या. त्यांचे यजमान ऑक्तावराव खासे सायकलबहाद्दर. तीन वर्षांमागें जिल्हारस्ता बेचाळीस यावर मागून एक मालमोटार आली, तिच्या आरशानें राजश्रींस खांद्याशीं फटका दिधला, आणि राजश्री खंदकीं पडले, आणि गळ्याचें हाड मोडलें. हाड जुळलें, परंतु मागून मोटारीचा आवाज आला कीं राजश्री सायकलीवरून उतरोन खंदकांत उभे राहत. मग सायकल गोठ्यांत खुंटीस टांगिली, ती उतरेना. ज्या पुरुषानें डोंगर पालथे घातले तो खिडकीशीं बसोन दुसऱ्यांच्या सायकली मोजूं लागला, आणि तें पाहतां बाईंचे काळजाचें पाणी पाणी होई. माणूस घरांत असोन हरवला, हें दुःख बाई कोणास सांगणार?

अखेर बाईंनीं एके दिवशीं विषय काढिला. राजश्री त्रासून बोलिले, "जिथे एकही मोटार येत नाही अशी वाट दाखव, लगेच येतो." राजश्रींनीं विषय टाळावयास बोललेला शब्द, बाईंनीं पदरीं बांधिला.

मग मसलत सुरू जाहली. मेजावर नकाशे पसरिले, जेवणाचीं ताटें मांडीवर आलीं. राजश्रींची सायकल ग्रॅव्हल, म्हणजे जाड टायरांची, खडी-मुरूम जुमानीत नाहीं. तीस योग्य अशा ओढ्याकांठच्या पाणंदी, रानांतल्या लांकूडतोड्यांच्या वाटा, आणि रूळ उखडलेली जुनी आगगाडीची वाट, ऐशा जोडीत जोडीत बाईंनीं अडतीस किलोमीटरांचा फेरा बांधिला. त्यांत दोन ठिकाणीं माशी शिंकली.

पहिले ठायीं आन्सेल्मराव शेतकरी यांणीं गांवची पाणंद बिनदिक्कत गिळली होती, आणि आडवी विजेची तार ओढून आंत गाई सोडिल्या होत्या. बाई गांवकचेरींत गेल्या, मोजणीचा जुना नकाशा काढविला, आणि तो बगलेंत मारून थेट आन्सेल्मरावांचे अंगणीं दाखल जाहल्या. आन्सेल्मराव म्हणाले कीं इथून कधीं काळीं कोणी गेलें नाहीं. बाई बोलिल्या, "मी गेलेय की. तुझ्या आईला पत्रं काय कबुतरं देऊन जायची?" मग आन्सेल्मरावांनीं डोकें खाजविलें, जेंशियनच्या मुळांची कडू दारू काढिली, आणि तिसऱ्या पेल्यास तह जाहला: तारेस उघडावयाची मूठ बसवावी, जाणारानें मागें लावून घ्यावी, आणि आन्सेल्मरावांच्या गाईंस कोणीं लठ्ठ म्हणूं नये.

दुसरे ठायीं मात्र घोडें पेंड खाऊं लागलें. रान संपतें तेथून जुन्या आगगाडीच्या वाटेचें स्टेशन लागतें तेथवर सहाशें चाळीस मीटर, आणि तो रस्ता बेचाळीसच. तोच वैरी. एके बाजूस कोण्या धनिकाची उंच भिंत, दुसरे बाजूस दलदल. बाईंनीं दलदल स्वतां तपासिली आणि एका पायांत जोडा नसतां घरीं आल्या. राजश्रींनीं विचारिलें, तेव्हां कुत्र्यानें नेला म्हणोन सांगितलें. त्या रात्रीं बाईंस झोंप नाहीं. अडतीस किलोमीटरांचें राज्य उभें केलें आणि सहाशें चाळीस मीटरांनीं तें धुळीस मिळवावें, हा कोण न्याय!

मग एके दिवशीं पाव घेऊन बाई बेकरींतून बाहेर पडल्या, आणि मागें दुकानदारणीनें साडेबाराचा कुलूपटाळा केला, तों बाई भर रस्त्यांत थबकल्या. टपालाचे दिवस स्मरले. तीस वर्षें त्या वेळेस पिवळी मोटार एकटीच धावे. खिडक्यांआडून काट्याचमच्यांचा नाद येई, समोरून वाहन म्हणोन नाहीं. त्या मुलुखीं राजे बदलले, नाणीं बदललीं, परंतु आधीं पोटोबा मग विठोबा हा कायदा कोणाच्यानें मोडवला नाहीं, आणि आदित्यवारीं तर ताटावरून उठणें म्हणजे घर सोडणें. बाईंनीं मुहूर्त ओळखिला.

तरी नुसत्या आठवणीवर यजमानांचा जीव टांगावा ऐशा बाई कच्च्या नव्हत्या. तीन आदित्यवार राजश्रींचें पान वाढून, कांहीं निमित्त सांगून, घडीची खुर्ची घेऊन त्या रस्त्याकांठीं चौकीस बसल्या. बारा ते साडेबारा मोटारी सुसाट. मांडीवर केकचा डबा घेतलेले, उशीर जाहलेले पाहुणे. पुढें पावणेदोनपर्यंत तीनही वार मिळून एक कुत्रें गेलें, तेंही घाईंत नव्हतें.

चौथे वारीं भर जेवणांत बाईंनीं मसलत राजश्रींपुढें ठेविली. राजश्रींचा चेहरा लाल जाहला. सदुसष्ट वर्षांत आदित्यवारीं साडेबारास ते मेजावर नाहींत ऐसें कधीं घडलें नव्हतें. हाड मोडलें तेव्हांही इस्पितळांत वाटाणे खारट आहेत म्हणोन तंटा केला होता.

"रविवारी जेवणाच्या वेळी रस्त्यावर कोण जातं?"

"कोणीच जात नाही. तेच तर सांगतेय."

राजश्रींनीं ताट पुढें ओढिलें. रस्सा संपला, चीज आलें. मग चिजाची शेवटली कापटी तोंडीं टाकून विचारिलें कीं, सायकलींत हवा आहे काय?

ज्येष्ठ वद्य, आदित्यवार, सकाळीं दहास कूच जाहलें. सेनापति खुद्द खावंद बार्नाबेराव, मध्यें राजश्री, पिछाडीस बाई. पाणंदी ओलांडिल्या, आन्सेल्मरावांची तार उघडून लाविली, गाईंस कोणी कांहीं बोलिलें नाहीं. पावणेबारास सेनापतींच्या मेव्हणीचें घर लागलें, आणि मुदपाकखान्यांतून भाजलेल्या मेंढ्याचा वास आला, आणि सेनापति म्हणाले टायर नरम आहे, पंप मागून आणितों. टायर दगडासारखें होतें. सेनापति सायंकाळीं सांपडले.

उभयतां साडेबारास रानाच्या टोकीं पोहोंचलीं. समोर रस्ता बेचाळीस, रिकामा, उन्हांत निपचित. राजश्रींनीं एक पाय डांबरावर ठेविला आणि परत खडींत घेतला. कान मागें लागले. पंचवीस मिनिटें गेलीं, हँडलाची मूठ सुटेना. मुहूर्त सरतो आहे हें बाईंस दिसत होतें, आणि घाई करावी तर माणूस कायमचा जाईल, हेंही कळत होतें.

"तू पुढे हो," बाई हळूच बोलिल्या. "मी मागे राहते. काही आलंच तर आधी माझ्यावर येईल."

राजश्रींनीं मान वळवून बाईंकडे पाहिलें.

"अजिबात नाही," ते म्हणाले. "तू पुढे. मागे मी."

मग बाई पुढें निघाल्या. मागें वळून पाहण्याची छाती होईना. प्रथम कांहींच ऐकूं येईना, मग टायरांचा आवाज आला, मग धापा, आणि निम्म्या वाटेवर राजश्री डांबर घालणारांस मोठ्यानें शिव्या घालूं लागले, कीं हा काय रस्ता, हे काय खड्डे. बाईंनीं तीन वर्षांत इतकें गोड कांहीं ऐकिलें नव्हतें.

जुन्या स्टेशनाशीं, रस्त्यालगतच्या दगडावर बसोन उभयतांनीं बटाट्याचा थंड पाते, म्हणजे पारींत बटाटा भरोन भाजलेला रोट, रुमालांतून सोडिला. पावणेदोनास मुलूख जागा जाहला आणि पहिली मोटार राजश्रींच्या पाठीमागून, हातभर अंतरानें, भर्रकन गेली. राजश्रींनीं घास थांबविला नाहीं. पातेचा दुसरा तुकडा कापून आधीं बाईंपुढें ठेविला.

येणेंप्रमाणें दोन प्रहरीं, एकास दोन मिनिटें कमी असतां, जिल्हारस्ता बेचाळीस, लांबी सहाशें चाळीस मीटर, सर जाहला. मैदानीं शत्रु हजर नव्हता, सबब फत्ते लहान, ऐसें कोणी म्हणेल. त्यानें पिछाडीस कोण होतें तें विचारावें, मग बोलावें. लेखनसीमा.