युकीची आंघोळ

कुमागाई-सेन्सेईंचा कुत्रा शनिवार-रविवार सांभाळायला अंबरीषने 'हो' म्हटलं, त्यात कुत्र्याच्या प्रेमाचा भाग अजिबात नव्हता. मार्चअखेर त्याचा विद्यापीठातला करार संपत होता, आणि तो वाढवायचा की नाही हे त्याचे प्राध्यापक असलेल्या सेन्सेईंच्या हातात होतं. भूकंपाच्या वर्षी नाशिकहून रोज "परत या, परत या" असे फोन येत असतानाही अंबरीष आणि विभा जपानातलं सेंदाई सोडून गेले नव्हते. आता एका कागदापायी पुन्हा सगळा संसार खोक्यांत भरायचं त्राण विभाच्या अंगात उरलं नव्हतं.

जपानीत युकी म्हणजे बर्फ. कुत्रा नावासारखाच पांढराशुभ्र होता. सेन्सेईंच्या पत्नी स्वच्छतेच्या इतक्या भोक्त्या, की त्यांनी कुत्र्याबरोबर त्याचे पाय पुसायचे चार वेगळे रुमाल पाठवले होते, एकेका पायाला एकेक.

शनिवारी सकाळी विभा त्याला नदीकाठी फिरवायला घेऊन गेली. युकीने गवतात नाक खुपसलं. आतून इताची निघाला. हा मुंगसासारखा दिसणारा लांबोडा प्राणी एरवी माणसाच्या वाटेला जात नाही, पण दचकला की शेपटीखालून भयंकर वासाची पिचकारी सोडतो. त्याने शेपटी उचलली, आपलं काम केलं आणि शांतपणे निघून गेला. युकी मात्र होता तिथेच शिंकत उभा राहिला.

घरी येईपर्यंत विभाचे डोळे वाहत होते.

"अंबरीष, सगळ्या खिडक्या उघड!"

"का गं, काय झा—" एवढं म्हणून अंबरीष थांबला. काय झालं ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं.

अंबरीष रसायनशास्त्राचा डॉक्टर. त्यामुळे त्याने कुत्र्याला हात लावायच्या आधी लॅपटॉप उघडला. "यात गंधकाची संयुगं असतात," तो नाकाला पंचा बांधून म्हणाला. "मला जरा वाचू दे."

"तू वाच. मी आईला विचारते."

आईंनी फोनवर क्षणाचाही विचार केला नाही. "बेसन, दही नि भरपूर हळद. चोळून चोळून लाव. तुला मी हेच लावायचे."

"आई, कुत्रा आहे तो."

"मग थोडं जास्त घे."

विभाने थोडं जास्त घेतलं. युकीने त्यातलं निम्मं चाटून खाल्लं. उरलेलं धुतल्यावर वास जिथल्या तिथे होता आणि कुत्रा हळदीला बसलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक झाला होता.

"तू हे काय केलंस?" वाचन संपवून आलेल्या अंबरीषने विचारलं.

"तू वाचत होतास तेव्हा काहीतरी केलं," विभा म्हणाली. तिच्यात भांडायचीही ताकद नव्हती.

अंबरीष कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जाऊन जखमा धुवायचं पेरॉक्साइड घेऊन आला. त्यात खायचा सोडा आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब. "ताजंच कालवायचं, बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही," असं तो स्वतःलाच बजावत होता. सगळं अगदी शास्त्रशुद्ध चाललं होतं. फक्त हळदीला सोड्याचा खार लागला की तिचं काय होतं, हे त्या क्षणी दोघांनाही आठवलं नाही. जिच्या माहेरच्या देवघरात हळदीचंच कुंकू असायचं तिला नाही, आणि डॉक्टरेटवाल्यालाही नाही.

"अंबरीष," विभा हळूच म्हणाली, "हा लाल होतोय."

युकी खरोखरच लाल होत होता. टबमध्ये उभा राहून तो एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. अंबरीष टबाच्या काठावर बसला. सेन्सेईंनी बर्फ ठेवायला दिला होता, परत करायला आता कुंकू उरलं होतं.

पण देव दयाळू होता, आणि त्या दिवशी सेंदाईत ऊन होतं. चार वेळा धुऊन, गॅलरीत बसवून दुपारपर्यंत हळदीचा रंग उडाला. कुत्रा पांढरा झाला. प्रश्न राहिला वासाचा, आणि तिथेच खरी पंचाईत झाली. दोघांनी युकीच्या मानेत नाक खुपसून पाहिलं. वास येत नव्हता. मग विभाने लोणच्याची बरणी उघडून नाकाशी धरली. तिचाही वास येत नव्हता.

"आपली नाकं गेली," ती म्हणाली. "आता दुसऱ्या कोणाला तरी विचारायला हवं."

बिस्किटांचा चांगला डबा घेऊन, युकीला बरोबर घेऊन ती शेजारच्या ओनोदेरा आजींकडे गेली. त्रासाबद्दल वाकून माफी मागितली आणि विचारलं, "आजी, वास येतोय का हो?"

"वास? छे छे!" आजी हसून म्हणाल्या. "आज हवा किती छान आहे!" त्यांनी डबा घेतला, तितकंच वाकून आभार मानले आणि हलकेच दार लावून घेतलं. मग आतून खिडक्या लावल्याचे आवाज एकामागून एक आले.

"जपानी माणूस सांगणार नाही," विभा परत येऊन म्हणाली. "आपलं माणूस हवं. तोंडावर बोलणारं."

असा माणूस सेंदाईत एकच होता. नीलकंठराव. मूळचे पुण्याचे, आणि स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत उभं राहून 'जिलबी कालची आहे' असं जाहीर करणारे. रविवारी सकाळी ते सायकलवरून आले, दारातच थबकले.

"या ना, बसा. चहा टाकते."

"नको नको, चहा आत्ताच झाला."

"नीलकंठराव, स्पष्ट सांगा. कुत्र्याला वास येतो?"

नीलकंठरावांनी मान थोडी तिरकी केली, दातांतून श्वास आत ओढला. "तसं म्हटलं तर... म्हणजे... कुत्रा मोठा गोड आहे हो!" एवढं बोलून त्यांना एकाएकी काम आठवलं. जाताना ते चक्क वाकले.

"वीस वर्षांत जपान्यांनी पुण्याचा माणूस संपवला," अंबरीष खिन्नपणे म्हणाला.

संध्याकाळी सेन्सेई पतिपत्नी आले. बाईंनी युकीला जवळ घेतलं, क्षणभर डोळे मिटले आणि उघडले. "किती छान काळजी घेतलीत!" त्या म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. दोघांनी वाकून आभार मानले, मिठाई दिली आणि कुत्र्याला घेऊन गेले. अंबरीष-विभा त्या रात्री कधी नव्हे इतके गाढ झोपले.

सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात सेन्सेई होते, हातात युकीची दोरी, पायाशी त्याचं अंथरूण, वाडगे आणि चारही रुमाल.

"अंबरीष-सान," ते अवघडून म्हणाले, "माझी बायको म्हणते, युकीला तुमच्याकडे फारच आनंद झालेला दिसतो. त्याचा आनंद आपण हिरावून घेणं बरोबर नाही. वर्षभर तरी तो इथेच राहावा. घरमालकांशी मी बोललोय." ते आणखी खाली वाकले. "अर्थात, त्यासाठी तुम्ही सेंदाईत असायला हवं. कराराचे कागद तयार करायला सांगितलेत. शुक्रवारी सही करू."

दार बंद झालं. युकी ऐटीत येऊन सोफ्यावर बसला.

"म्हणजे वास गेला नाही," विभा म्हणाली.

"नाही गेला."

अंबरीषने उसासा टाकला, बाह्या वर केल्या आणि पेरॉक्साइडची बाटली काढून बादली उचलली. विभाने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"शुक्रवारपर्यंत," ती म्हणाली, "त्याला पाण्याचा थेंब लावायचा नाही."