मुलाणी डॉक्टर आणि अर्धी वाट

अख्ख्या भोरला झोपवणारे मुलाणी डॉक्टर माझ्या नेट कॅफेत रोज दुपारी स्वतःच झोपायचे. ऑपरेशनआधी भूल देणं हे त्यांचं काम, आणि भूल शिकणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी इंटरनेटवर निघालेले धडे वाचणं हे त्यांचं साठीतलं वेड. तेव्हाचं इंटरनेट फोनच्या तारेतून ठिबकायचं. श्वासनळीचं चित्र नाकापासून उतरत घशापर्यंत येईतो डॉक्टरांची मान खाली! मी हलवलं की डोळे मिटूनच विचारायचे, "हां, मग पुढं?"

हा प्रश्न त्यांच्या कामातलाच. टेबलावरच्या पेशंटला ते आकडे मोजायला लावत नसत. जायफळ घातल्यासारख्या गुंगीच्या आवाजात म्हणायचे, "घरची वाट सांगा." पेशंट एसटीतून उतरून दोन वळणं घेईतो गाढ. शुद्धीवर आला की, "मग पुढं?" उरलेली वाट ऐकल्याशिवाय हा माणूस जेवायला जात नसे.

पुढे त्यांनी स्वतःच एक धडा लिहून साइटवाल्यांना पाठवला. टायपिंग माझं, त्यामुळे मीही अर्धा भूलतज्ज्ञ झालो. धडा पसंत पडला, फक्त वाटेचा परिच्छेद गाळला. 'याचा उपयोग काय?' असं विचारलं होतं. डॉक्टर चार दिवस रुसले.

"अरे, भुलीत जाताना माणसाला एवढंच कळाया पायजे, आपलं पुढचं ऐकाया कुणीतरी थांबलंय."

मला तो हट्टच वाटला. मग आईचं ऑपरेशन निघालं. ती घाबरली होती. दाराआडून मला तिचा आवाज आला, "कामथडीच्या फाट्यावर उतरायचं, चिंचंपासनं डावीकडं..." आणि थांबला.

दुपारी तिनं डोळे उघडले, तर स्टुलावर डॉक्टर. "आक्का, मग पुढं?"

"पुढं निळं दार. येताय कवा?"

इतक्या वर्षांत 'या' असं कुणी म्हटलं नव्हतं, हे त्यांनीच मला सांगितलं.

एका रविवारी, कुणालाही वाट न विचारता, ते निळ्या दारात हजर. जेवून ओसरीवर टेकले. आईनं विचारलं, "तुमचं घर कुठं?"

"भाटघरला. धरणापासनं खाली उतरायचं, आंब्याखालनं..." आणि घोरायला लागले.

शेतात भात हलत होतं. आईनं मला त्यांना उठवू दिलं नाही. उन्हं कलल्यावर त्यांनी डोळे उघडले, तेव्हा ती तिथंच बसली होती.

"मग पुढं?"

डॉक्टर उठून बसले. "पुढं कुलूप हाय, आक्का. उघडाया कुणी न्हाई."

"मग बसा की. च्या ठेवते."

सोमवारी तो गाळलेला परिच्छेद मी पुन्हा टाइप करून साइटवाल्यांना पाठवला. त्याचा उपयोग काय, ते आता मला लिहिता येत होतं.