एकसदस्यीय कमिटी

अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात ऐन मे महिन्यात डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. डीपी जळणं ही वऱ्हाडात काही बातमी नव्हे. पण त्या वर्षांत शेतीसंकटाचा अभ्यास करायला इतक्या कमिट्या येऊन गेल्या होत्या, की जळलेली डीपी नुसती बदलून टाकणं सरकारला फार अडाणीपणाचं वाटलं. कमिटी नेमायचं ठरलं.

इकडे हलीमाबीच्या बागेत आंबिया बहाराची संत्री लिंबाएवढी झाली होती आणि पंप मुका. "सर, पानी नाई भेटलं तं फयं गयतीन, मंग झाडंबी जातीन," ती शेजारच्या उद्धव सरांना म्हणाली.

निवृत्त इंग्रजी शिक्षक उद्धव सरांचं काळीज तुटलं. काळीज तुटलं की ते शब्दकोश उघडत. उघडला आणि उडालेच!

"हलीमाबी, कमिटी म्हणजे मुळात एकच माणूस! ज्याच्यावर काम सोपवलं तो! पुढे वेड्याचा सांभाळ करणाऱ्यालाही इंग्रज कमिटी म्हणू लागले. मग एकाचे अनेक झाले. आता बैठकीत सांभाळणारा कोण नि वेडा कोण, देव जाणे!"

हा शोध घेऊन सर अमरावतीला संकटनिवारण कक्षात गेले. तिथले साहेब खूश. एकाच माणसाचा प्रवासभत्ता! "मग सर, तुम्हीच कमिटी," म्हणाले आणि हार घातला. येताना एसटीत माणूस बसला होता, अंजनगावला कमिटी उतरली.

"आता आना न डीपी," हलीमाबी म्हणाली.

"तसं थेट काम नाही करता येत. आधी बैठक."

"कोनासंगं?"

"माझ्याशीच."

पहिल्या बैठकीत सरांनी स्वतःचं स्वागत केलं, स्वतःचे आभार मानले आणि चहा घेतला. मग पाहणी दौरा झाला, चिखलदऱ्याला. उंचावरून प्रश्नाकडे व्यापक दृष्टीने बघता येतं. दुसऱ्या दिवशी ऊन लागून सर आडवे झाले, तेव्हा गणसंख्येअभावी बैठक तहकूब. तिसऱ्या बैठकीत डीपी आणण्याचा ठराव सदस्याने मांडला. अध्यक्षांनी विरोध केला. एकास एक मतं पडली. सर संतापून सभात्याग करून ओसरीवर जाऊन बसले.

फळं टपाटपा गळू लागली. हलीमाबी दारात आली. "सर, तुमी मास्तर व्हते तवा माह्या पोराले, जिब्रानले उन्हायाभर फुकट शिकोलं. आता काय होऊन बसलं तुमाले?"

सरांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी ते पुसलं आणि इतिवृत्तात नोंदवलं, 'सदस्य भावुक.'

बाई कपाळावर हात मारून सरळ पारावर गेली. "नवी डीपी अमरावतीच्या गोदामात पडून हाय. टॅक्टर माहा. उचलाले चार जनं चला, आत्ताच आनू!"

"चला! चला!" अख्खं गाव उठलं.

"कोन कोन येतं?"

गाव बसलं. केशवराव पाटलांनी घसा खाकरला. "कोनं जावं हे ठरवाले एक कमिटी नेमू."

काय टाळ्या पडल्या म्हणता! ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. हलीमाबी एकटीच ट्रॅक्टरपाशी उभी राहिली. त्या आठवड्यात बाग वाळली.

मागच्या रांगेत तुम्हीही होतात. बघितलं आम्ही. हात तर सगळ्यात आधी तुमचाच वर गेला.