जर्द्याची दाढ

"समता, हे ऐक. भूल दिलेली काही मांजरं शुद्धीवरच येत नाहीत म्हणे."

बुद्धप्रियनं हे वाक्य त्या आठवड्यात चौदाव्यांदा वाचलं असेल, आणि तेही मोठ्यानं. समता नववीचे पेपर तपासत बसली होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं.

"काही म्हणजे किती?"

"ते लिहिलं नाही."

"मग पुढचं वाचा."

"पुढं जाहिरात आहे."

जर्दा म्हणजे त्यांचा अकरा वर्षांचा बोका. रंग वाळल्या तंबाखूचा, म्हणून तानीबाईंनी, म्हणजे समताच्या सासूबाईंनी, त्याचं हे नाव ठेवलेलं. निपाणीत तीस वर्षं विड्या वळलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? या जर्द्याची मागची दाढ सडली होती. सुकट दिसली की धावत यायचा, एक घास घ्यायचा आणि बशीवरच कळवळून ओरडायचा. पंधरा दिवसांत त्याची हाडं वर आली. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "दाढ काढायलाच पाहिजे. पू पसरला तर जनावर हाती लागायचं नाही." त्यांनी तारीख दिली आणि म्हणाल्या, "आमचा नागेंद्र आदल्या दिवशी फोन करून काय करायचं ते सगळं सांगेल."

तेव्हापासून बुद्धप्रिय मोबाईल घेऊन बसला होता. तानीबाई त्याच्यावर तोंडसुख घेत होत्या.

"भूल घेऊन बसलाय! माजी दाड काडली तवा भूल न्हाय न काय न्हाय. पकड घातली, वडली, झालं. त्याच दिशी हजार इडी वळली मी."

"आई, तुझी गोष्ट वेगळी."

"व्हय, मी मांजर न्हवं."

समताचं दुखणं तिसरंच होतं. तिला रजा हवी होती. मांजराच्या दाढेसाठी रजा मागितली, तर अख्खी शिक्षकखोली वर्षभर तिच्याकडे बघून म्याव करणार. बराच विचार करून तिनं अर्जात लिहिलं, 'घरातील ज्येष्ठ सदस्याची दाढ काढण्याची शस्त्रक्रिया.' मांजराचं अकरावं वर्ष म्हणजे माणसाची साठी, तेव्हा 'ज्येष्ठ' हा शब्द काही खोटा नव्हता. मुख्याध्यापक परशराम सरांनी सही केली आणि हळहळून म्हणाले, "सांभाळा हो त्यांना."

नागेंद्रचा फोन आला तेव्हा समता गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. फोन तानीबाईंनी घेतला. समता खाली आली, तर सासूबाई खुशीत.

"काय म्हणाला हो आत्ती?"

"'हल्लु बेड' म्हनला. कानडीत लई भराभरा बोलत हुता. हल्लु म्हंजी दात, बेड म्हंजी नको. दात काडाय नको, नुसतं दावाय या, आसं."

समताचं माहेर गडहिंग्लजचं. लग्नाला सतरा वर्षं झाली, तरी तिची कानडी बाजारापुरतीच होती. "परत फोन करून विचारूया का?" असं ती म्हणाली, पण बुद्धप्रिय हात जोडून उभा राहिला. "नको म्हणालेत ना? मग कशाला खाजवून खरूज काढायलीस?" इतका हसरा चेहरा त्याचा लग्नातसुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जर्दा संकेश्वर येईपर्यंत गाडीत ओरडला आणि पुढं हत्तरगीच्या टोलनाक्यापर्यंत गुरगुरला. डॉक्टरीणबाई हातमोजे घालून तयारच होत्या. त्यांनी त्याचं पोट चाचपलं आणि हात आखडता घेतला.

"काय दिलंय हो ह्याला?"

"काही नाही," समता म्हणाली. "आत्तींनी वाटीभर दूध आणि त्यात कुस्करलेली चपाती."

"अहो, पोट रिकामं पाहिजे! भरल्या पोटी भूल दिली तर उलटी होऊन फुप्फुसात जाते. मग खरंच उठायचा नाही तो. नागेंद्रनं फोनवर सांगितलं नाही?"

बुद्धप्रिय मटकन बाकावर बसला. समतानं फोनवरचे शब्द सांगितले, तेव्हा 'हल्लु बेड'चा उलगडा झाला. कानडीत हल्लु म्हणजे दात, आणि हालु म्हणजे दूध. नागेंद्र म्हणाला असणार 'हालु बेड', दूध नको. तानीबाईंनी नेमकं तेच पाजलं होतं. डॉक्टरीणबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "नागेंद्र आज रजेवर आहे. आला की सांगते त्याला, म्हाताऱ्या माणसांशी फोनवर घाईनं कानडी बोलत जाऊ नको."

समताला हसू आलं नाही. एक रजा गेली, दीडशे किलोमीटर डिझेल गेलं, आणि दाढ होती तिथंच होती. तारीख आठ दिवसांनी पुढं गेली. नवा अर्ज घेऊन ती परशराम सरांसमोर उभी राहिली.

"पुढं ढकलली? अरेरे. त्रास होत असेल हो त्यांना."

"होतो सर. ताट समोर आलं की ओरडतात."

सर गहिवरले. समतानं खाली बघितलं.

या वेळी तिनं कंबर कसली. आदल्या संध्याकाळी जर्द्याला कोठीच्या खोलीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. तानीबाई चिडल्या.

"बुद्धाची दीक्षा घेतल्यापास्नं ह्या घरात कुनी उपास धरला न्हाय! आता मांजरानं धरायचा व्हय गं?"

"धरायचा. आणि उद्या तुम्हीपण आमच्याबरोबर यायचं, आत्ती. घरी ठेवून मी पुन्हा घोटाळा करून घेणार नाही."

बेळगावात दारातच एक मिशाळ तरुण उभा होता. तानीबाई गाडीतून उतरल्या मात्र, तो पुढं आला.

"निपाणीच्या आजी तुमीच न्हवं? मी नागेंद्र. आठ दिस डॉक्टरबाई मला हसायल्यात. आजी, मी कवा कानडीत बोललो तुमच्यासंगं? मी खानापूरचा. चक्क मराठीत सांगितलं, एकदा न्हाय, दोनदा. 'दूध देऊ नका, पानी देऊ नका, काय म्हंजे काय देऊ नका.' आनि तुमी म्हनला, 'व्हय रं बाळा, कळलं.'"

सगळे तानीबाईंकडे बघू लागले. तानीबाई भिंतीवरच्या म्हशीच्या चित्राकडे बघू लागल्या.

"आत्ती!" समताचा आवाज चढला. दोन रजा, दोन अर्ज, सरांपुढचं ते गहिवरणं, सगळं तिच्या डोक्यात एकदम उसळलं. "म्हणजे तुम्ही खोटं बोललात? ठरवून?"

 तानीबाई पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, "ह्यो रोज मोट्यानं वाचायचा. उठत न्हाय, उठत न्हाय. तुला काय, तू पेपर तपासत हुतीस. मला लई भ्या वाटायचं गं. मोप म्हनत हुते, दाड काय, वडली आनि झालं. पर माजी दाड येगळी, जर्द्या येगळा."

बुद्धप्रियनं मोबाईल खिशात घातला. समताला पुष्कळ बोलायचं होतं. पण म्हातारी टोपलीच्या फटीतून जर्द्याचं डोकं कुरवाळत होती, आणि तो राग तिला गिळावाच लागला. 

नागेंद्रनं जर्द्याला आत नेलं. पाऊण तास तिघंही बाकावर बसून होती. तानीबाई मध्ये, आणि त्यांनी एका हातानं सुनेचं मनगट धरून ठेवलेलं. मग दार उघडलं. जर्दा नागेंद्रच्या हातावर लोंबत होता. एक डोळा मिटलेला, जीभ बाहेर. तानीबाईंना बघून त्यानं दुसरा डोळा उघडला आणि शिवी दिल्यागत एक आवाज काढला.

"उठला!" तानीबाई ओरडल्या. "बगा, मी म्हनलंतं न्हवं? भुलीला काय भ्यायचं आसतंय!"

नागेंद्रनं पुढच्या सूचना दिल्या, त्या मात्र तानीबाईंना वगळून, बुद्धप्रियच्या कागदावर लिहून. परतीच्या वाटेवर समता मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. घरी पोचलं की शांतपणे, पण ठणकावून सासूबाईंना सांगायचं तिनं ठरवलं होतं, की या घरात पुन्हा असला खोटेपणा चालणार नाही.

घर आलं. दारात परशराम सर उभे होते. हातात डबा.

"मॅडम, राहवलं नाही. बायकोनं मऊ खिमट करून दिलंय. कशा आहेत आजी? काढली का दाढ?"

समता सरांच्या आणि गाडीच्या मध्ये येऊन उभी राहिली. मागे बुद्धप्रिय बोक्याची टोपली घेऊन उतरत होता. आतून गुरगुर ऐकू येत होती. 

तानीबाईंनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा डब्याकडे, आणि एकदा सुनेच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे. मग पदर गालाला लावून त्या विव्हळत पायरीवर टेकल्या.

"भूल दिलती, मास्तर," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "बोलाय येत न्हाय."

"नका बोलू, नका बोलू!" सरांनी लगबगीनं डबा समताच्या हातात दिला. "मॅडम, ह्यात थोडं गरम दूध घालून द्या त्यांना."

तानीबाईंनी गालावरचा हात काढला नाही. सुनेकडे तिरकं बघत त्या एकेक अक्षर सुटं करून, अगदी स्वच्छ कानडीत म्हणाल्या,

"हालु बेड."